कोठी ते श्रीशैल : आजोबांच्या आवाजात

हैदराबादच्या मराठी घरांत श्रीशैलचं नाव दोन वेळा निघतं. एकदा पाहुणे आल्यावर. चारमिनार आणि सालारजंग उरकून सोलापूरची किंवा पुण्याची मंडळी तिसऱ्या दिवशी विचारतातच, "ज्योतिर्लिंग किती लांब आहे हो इथून?" आणि दुसऱ्यांदा दत्तजयंतीच्या सप्ताहात, गुरुचरित्राच्या शेवटच्या अध्यायांत, जेव्हा नृसिंहसरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैलाकडे निघतात. दोन्ही वेळा बोलणं होतं ते देवळाचं. मधल्या रस्त्याबद्दल कुणी काही सांगत नाही. सांगणार तरी कसं? आपण सगळे तो रस्ता झोपेत पार करतो. पहाटे चारला उठून, डबे भरून, गाडीत बसलं की पोरं कडथलच्या आधीच आडवी होतात आणि डोळे उघडतात ते थेट धरणाच्या वळणांवर, तेही कुणाला तरी मळमळलं म्हणून.

कोठीपासून श्रीशैल साधारण सव्वादोनशे किलोमीटर. त्यातले शेवटचे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर नल्लमलाच्या डोंगरांतून जातात. नल्ल म्हणजे काळा, मल म्हणजे डोंगर. कागदोपत्री हे राष्ट्रीय उद्यान नाही, व्याघ्र प्रकल्प आहे : अमराबाद. नागार्जुनसागर-श्रीशैलम हा एकच मोठा प्रकल्प होता, राज्याचे दोन भाग झाल्यावर त्याचा तेलंगणातला तुकडा वेगळा झाला. क्षेत्रफळ २,६११ चौरस किलोमीटर. आपल्या ताडोब्याशी तुलना केली तर हा बराच मोठा निघतो. फरक एवढाच की ताडोब्याला लोक वाघ बघायला जातात आणि इथून लोक देवाला जाताना वाघाच्या घरातून हॉर्न वाजवत जातात.

यंदा दसऱ्यानंतर आम्ही ठरवलं की देवळाला जायचंच, पण या वेळी रस्ता बघायचा. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने ग्लेशियर नॅशनल पार्कचा व्हिडिओ पाठवला होता. तिथे 'गोइंग टू द सन' नावाचा ऐंशी किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, १९३३ साली खुला झालेला. तुम्ही आपली गाडी चालवायची, मोबाइलमधला माणूस बोलत राहतो : आता डावीकडे हिमनदी, आता उजवीकडे अमुक शिखर. पोरांना तो प्रकार फार आवडला. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, "आपल्याकडे असं बोलणारं ॲप नाही का?"

नाही. पण आमच्याकडे बाबा आहेत.

बाबा सत्तरीचे. गुडघे आणि घाटाची वळणं ही दोन कारणं सांगून ते यायला नाही म्हणाले. पण नल्लमलाच्या रस्त्याने ते १९७८ पासून वीस-बावीस वेळा तरी गेले आहेत. मी म्हटलं, तुम्ही घरी बसा, तुमचा आवाज येऊ दे. तीन संध्याकाळी मोबाइलसमोर बसून त्यांनी चौदा तुकडे बोलून दिले. नकाशावर मी चौदा ठिकाणी खुणा केल्या, फायलींना क्रमांक दिले आणि पोरीला सांगितलं, खूण आली की ती फाइल लावायची. ठिकाण आलं की आपोआप वाजेल अशी सोय करता आली असती, धंदाच तो आहे आपला. पण मग पोरं खिडकीबाहेर बघत नाहीत. खूण कधी येते याची वाट बघायची तर रस्त्याकडे लक्ष द्यावं लागतं.

आमचं घर कोठीत, सुलतानबाजारच्या मागच्या अंगाला. रेकॉर्डिंगसाठी आतली खोली घेतली, तरी तिसऱ्या फायलीत कुकरच्या दोन शिट्ट्या आणि पाचव्या फायलीत जुने कपडे घेऊन भांडी देणारीची हाक आहे. त्या मी काढल्या नाहीत.

पहिली फाइल चादरघाटाच्या पुलावर लावली, मूसा नदीवर. बाबांचा आवाज : "आम्ही गौलीगुड्यातून मोटार धरायचो. ते मोठं पत्र्याचं शेड होतं बघ, विमानाच्या हँगरसारखं, तिथून. पहाटेची मोटार, आणि पोचायचो दुपार टळल्यावर. वाटेत मोटार तापायची. मग ड्रायव्हर बादली घेऊन विहीर शोधायला जायचा अन् आम्ही चिंचेखाली पत्ते कुटत बसायचो." निजामाच्या काळातलं ते शेड २०१८ साली एका पहाटे कोसळलं, कुणाला इजा न होता. पोरीला ते आठवत नाही, ती तेव्हा तीन वर्षांची होती. मला आठवतं, कारण बाबा दुसऱ्या दिवशी नुसतं बघायला म्हणून चालत गेले होते.

तुक्कुगुड्यानंतर शहर संपतं असं पूर्वी म्हणायचे. आता कंदुकूरपर्यंत प्लॉटचे फलक संपत नाहीत. कडथल, आमनगल, वेलदंडा, कलवाकुर्ती हा पट्टा मी पटकन सोडतो. कापूस, मका, खडक, आणि मधूनच सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. ऑक्टोबर म्हणजे सीताफळांचा महिना. जाताना घेऊ नका, गाडीत पिकून लगदा होतो. येताना घ्या. दिंडीला निजामाच्या काळातला तलाव आहे, तिथे चहा होतो. हाजीपूरच्या फाट्याला पेट्रोल भरून घ्यावं आणि जे काही डाउनलोड करायचं ते तिथेच करावं, कारण मन्नानूरनंतर फोन हा फक्त घड्याळ आणि कॅमेरा उरतो.

मन्नानूरला वनखात्याचं फाटक आहे. रात्री ९ ते सकाळी ६ या वेळात ते गाड्यांसाठी बंद असतं. हा नियम लोकांना फार जाचक वाटतो. आमच्या पुढच्या गाडीतले काका तिथल्या रक्षकाला तेच ऐकवत होते की देवदर्शनाला कसली वेळ. रक्षक शांतपणे ऐकून घेत होता, त्याची सवय दिसत होती. त्याने आमच्या गाडीत डोकावून एवढंच सांगितलं : माकडांना खायला घालू नका, कुठेही उतरू नका, हळू चालवा. पोरीने तेलुगूत विचारलं, वाघ दिसेल का? तो म्हणाला, "वाघाला तुम्ही दिसाल."

आता इथून चौथी फाइल. बाबा म्हणतात, "काचा खाली करा. एसी बंद. बोलू नका दोन मिनिटं." आणि खरंच पुढची दोन मिनिटं फायलीत नुसती शांतता आहे, मागे कोठीतल्या पंख्याची घरघर. त्या घरघरीवर बाहेरचं जंगल ऐकायचं. पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे रान हिरवं होतं, पण साग पिवळा पडायला लागला होता. हे कोकणातलं किंवा महाबळेश्वरचं जंगल नव्हे. पानगळीचं, कोरड्या अंगाचं आहे : साग, ऐन, धावडा, बिबळा, सालई, तेंदू, मधेमधे बांबू. ज्यांनी मेळघाट पाहिलाय त्यांना ओळखीचं वाटेल. मार्चमध्ये गेलात तर सगळं खराट्यासारखं उभं असतं आणि फक्त पळस पेटलेला असतो. गर्द सदाहरित झाडी बघायची तर इथे येऊ नये. पण पानगळीच्या जंगलात एक फायदा आहे, आतपर्यंत दिसतं. आम्हाला दोन ठिकाणी चितळांचे कळप आणि एक मुंगूस दिसलं. शेकरू फक्त हिला दिसलं, त्यामुळे ते खरंच होतं की नाही यावर घरात अजून वाद आहे.

माकडांचं मात्र वेगळं. सत्तर किलोमीटरमध्ये जिथे जिथे वळणावर थोडी रुंद जागा आहे तिथे तिथे माकडं रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेली. जंगलात नाही, रस्त्यावर. कारण केळी, बिस्किटं, चिवडा रस्त्यावर मिळतो. हनुमानाचं नाव घेऊन लोक गाडीतून फेकतात, ते उचलायला पिल्लं धावतात आणि मागून येणारी गाडी असतेच. एका वळणावर एक माकडीण मेलेलं पिल्लू पोटाशी धरून बसलेली पाहिली. पोरीने त्यानंतरची फाइल लावली नाही, बराच वेळ. आम्हीही आठवण करून दिली नाही.

मन्नानूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर फरहाबादचं फाटक. फरह म्हणजे आनंद. ही निजामाची शिकारीची जागा, उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधलेल्या घराचे अवशेष आत आहेत. सहावे निजाम महबूब अली पाशा वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. आता त्याच जागी वनखात्याची जीप तुम्हाला वाघ जिवंत बघायला नेते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. जीप एका कड्यापर्यंत जाते, तिथून खाली तळातलं मैदान आणि तळी दिसतात. पाहण्यासारखं आहे, पण सकाळी लवकर गेलात तरच. दहानंतर जीपसाठी रांग आणि जंगलात फक्त जीपचाच धुरळा.

इथली बाबांची फाइल सगळ्यात लांब, साडेनऊ मिनिटांची, आणि तिच्यात वाघ एकदाही येत नाही. ते बोलतात चेंचूंबद्दल. चेंचू म्हणजे या डोंगरांतले मूळ रहिवासी. मध, डिंक, कंदमुळं गोळा करून आणि शिकार करून राहणारे. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० साली त्यांच्यात येऊन राहिला आणि १९४३ मध्ये त्याने त्यांच्यावर पुस्तक काढलं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यामुळे तो हैदराबाद संस्थानात अडकला होता, तेव्हा हातात वेळच वेळ होता. बाबांनी ते पुस्तक कुठल्याशा वाचनालयात चाळलेलं. पण त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच : "एकदा मोटार बंद पडली. रात्र झाली. आम्ही सगळे घाबरलेलो. जंगलातून दोन चेंचू आले, धनुष्यबाण घेतलेले. आम्हाला वाटलं लुटतात आता. त्यांनी जाळ करून दिला, रात्रभर बसले, अन् उजाडल्यावर न सांगता निघून गेले. पैसे द्यावे म्हणून शोधलं तर नाहीत."

चेंचूंच्या वस्तीला पेंटा म्हणतात. पुढे नकाशावर दोमलपेंटा आणि ईगलपेंटा अशी नावं लागली. पोरीला शाळेत तेलुगू आहे. ती ओरडली, "बाबा, दोमा म्हणजे डास आणि ईगा म्हणजे माशी! डासांची वाडी आणि माशांची वाडी!" बरोबर होतं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी-तेलुगू, गल्लीत दखनी, अशा वाढलेल्या पोरांची आपल्याला काळजी वाटत असते की धड एकही भाषा यांना यायची नाही. पण नकाशावरचं नाव फोडून त्यातला डास बाहेर काढण्याची मजा पुण्यातल्या तिच्या मावसभावाला मिळणार नाही.

वटवर्लपल्लीला थांबलो. इथून आत आठेक किलोमीटरवर मल्लेला तीर्थम धबधबा आहे, साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या उतरून जायचं. पावसाळ्यानंतर पाणी चांगलं असतं. रस्त्यालगत एक बाई मध आणि सीताफळं घेऊन बसली होती, चाळिशीतली. मध खरा का, हा आपल्या लोकांचा पहिला प्रश्न. तिने उत्तर न देता बोटावर थेंब दिला. बोलता बोलता कळलं की तिची वस्ती आत, गाभा क्षेत्रात आहे. वाघासाठी जंगल मोकळं करायचं म्हणून तिथल्या कुटुंबांना बाहेर येण्याबद्दल विचारणा सुरू आहे. सरकारी योजनेत कुटुंबामागे १५ लाख रुपये किंवा जमीन-घर असं काहीतरी मिळतं. मी विचारलं, जाणार का? ती म्हणाली, "मुलगा म्हणतो जाऊ. शाळा, दवाखाना जवळ. सासू म्हणते, तिकडे मध कुठे आहे?" मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठले?" मी म्हटलं हैदराबादचे. "नाही, मूळचे." मी सांगितलं, आजोबा नांदेडकडचे. "मग इकडे का आलात?" मी म्हटलं, नोकरी. तिने मान हलवली आणि सीताफळं मोजायला लागली. तीन पिढ्यांमागे आम्ही स्वतःच्या मर्जीने आलो हा त्यातला फरक मला गाडीत बसल्यावर सुचला. अर्थात मर्जी म्हणजे तरी काय, आजोबांना गावात पोट भरता येत नव्हतं.

दोमलपेंट्याजवळ ऑक्टोपस व्ह्यू पॉइंट आहे. वनखात्याने बांधलेल्या या जागेवरून धरणाचं पाणी डोंगरांच्या घळींत शिरून आठ हातांसारखं पसरलेलं दिसतं. संपूर्ण रस्त्यावर एकाच ठिकाणी थांबायचं असेल तर इथे थांबा. पण याच दोमलपेंट्याजवळून एक बोगदाही आत शिरतो, सुमारे ४४ किलोमीटरचा, श्रीशैलचं पाणी डाव्या कालव्याने नलगोंड्याकडे नेण्यासाठी. वरती व्याघ्र प्रकल्प असल्यामुळे मधे कुठे उभे-आडवे रस्ते खणता येत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांकडून यंत्राने पोखरत जायचं. २२ फेब्रुवारी २०२५ ला त्याचा एक भाग कोसळला आणि आठ कामगार आत अडकले. कुणीही जिवंत बाहेर आलं नाही. ते झारखंड, उत्तर प्रदेश, पंजाब, जम्मू-काश्मीर अशा लांबलांबच्या राज्यांतले होते. बाबांच्या फायलीत हे नाही. मी स्वतःच मुलीला सांगितलं, आणि तिने विचारलं की मग ते पाणी अजून पलीकडे पोचलं नाही का. नाही पोचलं.

ईगलपेंट्यानंतर रस्ता उतरायला लागतो आणि एका वळणावर कृष्णा समोर येते. आठवी फाइल. बाबांचा आवाज इथे जरा चढतो : "आता बघा! ही कोण? वाईची, कऱ्हाडची, सांगलीची, नरसोबाच्या वाडीची. महाबळेश्वरला गाईच्या मुखातून करंगळीएवढी पडते ती ही!" श्रीशैल धरण १४५ मीटर उंच, बारा दरवाजांचं. १९६० मध्ये काम सुरू झालं ते १९८१ पर्यंत चाललं. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा ते अर्धवट उभं होतं. क्रेन, सिमेंटचा धुरळा, आणि रात्रीसुद्धा दिवे लावून चाललेलं काम त्यांनी पाहिलेलं. साताऱ्या-कोल्हापुरात धो धो पाऊस पडला की अलमट्टी भरतं, नारायणपूर भरतं, जुराला भरतं आणि मग ते पाणी इथे येऊन दरवाजे उचलतं. कोल्हापूरच्या आत्याच्या अंगणात पाणी आलं की आठवड्याभरात इकडे दरवाजे उघडल्याची बातमी येते आणि अर्धं हैदराबाद गाड्या घेऊन बघायला निघतं. आम्ही गेलो तेव्हा दरवाजे बंद होते. मला तेच बरं वाटलं, वळणांवर गाड्यांची कोंडी नव्हती. धरणात माती आणि गाळ इतका साचलाय की मूळ ३०८ टीएमसीची क्षमता आता २१५च्या आसपास उतरली आहे. तो गाळही बराचसा वरूनच वाहून आलेला, म्हणजे थोडा आपल्या मुलखातलाच.

धरणाखालच्या पुलावरून नदी ओलांडली की आंध्र प्रदेश. लिंगालगट्टूला नदीतले ताजे मासे तळून मिळतात. देवाला जाताना खायचे की येताना, हा प्रत्येक घराचा आपापला धर्म. आमच्याकडे येताना.

श्रीशैलच्या देवळाबद्दल तुम्हाला मी नव्याने काय सांगणार. पण बाबांच्या फायली ऐकून दोन-तीन गोष्टी मी पहिल्यांदा नीट बघितल्या. एक म्हणजे बाहेरची दगडी भिंत. दर्शनाच्या रांगेच्या धास्तीने आपण तिच्याशेजारून पळत जातो. त्या भिंतीवर ओळीने जंगल कोरलंय : हत्तींच्या रांगा, शिकारी, धनुर्धारी, रानडुकरं. येताना गाडीतून जे दिसलं नाही ते सगळं दगडात. मुलीने अर्धा तास तिथेच घालवला आणि वाघ शोधत राहिली.

दुसरं, मल्लिकार्जुन हा चेंचूंचा जावई. चेंचू मल्लय्या म्हणतात त्याला. जंगलातल्या चेंचू मुलीशी त्याने लग्न केलं अशी कथा आहे. खंडोबा आणि बाणाई ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे लगेच समजतं. देव डोंगरात येऊन राहिला की तिथल्या लोकांशी त्याला सोयरीक करावीच लागते. कर्नाटकातली माणसं तर भ्रमरांबेला आपली लेक समजून उगादीला चालत माहेरचा आहेर घेऊन येतात. आणि सोलापूरचे सिद्धरामेश्वर मल्लिकार्जुनाला शोधत इथेच आले होते, ती गोष्ट सोलापूरकरांना सांगायला नको.

तिसरं, शिवाजी महाराज. १६७७ मध्ये ते भागानगरला, म्हणजे आपल्या हैदराबादला, आले. तानाशहाची भेट झाली, अक्कण्णा-मादण्णांनी पाहुणचार केला. मग कर्नूलकडून कृष्णा आणि भवनाशीच्या निवृत्तिसंगमावर स्नान करून महाराज श्रीशैलला गेले. इथे त्यांना इतकं वैराग्य आलं की ते देवीला शिर वाहायला निघाले आणि देवीने थांबवलं, असं सभासद बखर सांगते. देवळाचं उत्तरेकडचं गोपुर त्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि गावात शिवाजी स्फूर्ती केंद्र आहे. महाराष्ट्रातले यात्रेकरू तिथे हमखास फोटो काढतात. बाबा फायलीत म्हणतात, "पण लक्षात ठेवा, महाराज या रस्त्याने आले नाहीत. ते तिकडून, कर्नूलकडून आले. अन् ज्या संगमावर त्यांनी अंघोळ केली तो आता धरणाच्या पाण्याखाली असतो." हे मला माहीत नव्हतं. संगमेश्वराचं देऊळ वर्षातले बरेच महिने बुडालेलं असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर आधी, मग हळूहळू गाभारा बाहेर येतो. धरणात शंभराच्या घरात गावं गेली. एका गावचं बुडालेलं देऊळ दरवर्षी वर येतं, बाकीच्यांचं काय वर येणार.

पाताळगंगेला दोरीच्या पाळण्याने उतरलो. याच पाण्यात फुलांच्या आसनावर बसून नृसिंहसरस्वती कर्दळीवनाकडे गेले आणि शिष्यांसाठी प्रवाहातून प्रसादाची फुलं परत आली, असं गुरुचरित्रात आहे. अक्कमहादेवीच्या गुहेकडे जाणाऱ्या बोटी इथून सुटतात आणि तिथून पुढे कर्दळीवनाची वाट. महाराष्ट्रातून परिक्रमेला येणाऱ्यांचे गट आजही दिसतात, पाठीवर पिशव्या, गळ्यात गमछे. बाबांनी या फायलीत काही सांगितलं नाही. त्यांनी आमच्या आजीची ओवी म्हणायची चाल नुसती गुणगुणली, शब्दांशिवाय, मिनिटभर. माझ्या मुलीने पणजीला पाहिलेलं नाही.

येताना साक्षी गणपतीला थांबलो. हातात लेखणी आणि वही घेऊन बसलेला हा गणपती श्रीशैलला कोण कोण येऊन गेलं याची नोंद ठेवतो. माझ्या दृष्टीने हा देशातला सगळ्यात जुना लॉग सर्व्हर. मुलीने आजोबांचंही नाव सांगितलं. तो म्हातारा स्वतः आला नसला तरी आवाज आलाय, तो हजेरीत धरा, असं.

मन्नानूरचं फाटक ९ला बंद म्हणून दुपारी साडेचारला निघालो. रात्री साडेनऊला कोठीत. आणि मग जे झालं ते मला जास्त सांगायचंय.

मन्नानूर ते श्रीशैल हा जंगलातला रस्ता जमिनीवरून उचलून खांबांवर न्यायचा प्रस्ताव चर्चेत आहे. खाली प्राणी मोकळे फिरतील, वर गाड्या रात्रीसुद्धा धावतील. मी जेवताना म्हटलं, हे फार वाईट होईल. बांधकामाला वर्षं लागणार, झाडं जाणार, आणि तो रस्ता झाला की कुणालाच काही दिसणार नाही, खांबांवरून सुसाट जाऊन पोरं पुन्हा झोपतील. बाबा म्हणाले, "तू गाडीत एसी लावून जातोस म्हणून तुला वाटतं. आमच्याबरोबर एकदा एक बाई होती, पोटुशी. फाटक बंद. सकाळपर्यंत बसली ती. तुझी ती मध विकणारी, तिला रात्री काही झालं तर?" मी म्हटलं, रुग्णवाहिकेला कुणी अडवत नाही. ते म्हणाले, "अरे, फाटकावर अडवत नसतील. पण सत्तर किलोमीटर वळणं आहेत ना मधे?" मी म्हटलं, त्या बाईची वस्ती रस्त्यावर नाहीच, आत आहे, तिला खांबावर चढायला जिना कोण बांधणार? यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, हेही खरं. २०१९ मध्ये नल्लमलात युरेनियमसाठी खणायचं निघालं तेव्हा चेंचूंपासून शहरातल्या नटनट्यांपर्यंत सगळे विरोधात उठले आणि विधानसभेने ठराव केला, तो इतका सरळ प्रश्न होता. हा तसा नाही. प्राण्यांच्या भल्यासाठीच उंच रस्ता, असंही म्हणता येतं, आणि त्या मेलेल्या पिल्लाची आठवण झाली की मलाही माझं म्हणणं तेवढं पक्कं वाटत नाही.

मुलगी इतका वेळ ऐकत होती. तिने स्वतःचा टॅब काढला. आम्हाला नकळत तिने प्रत्येक खुणेला आजोबांच्या फायलीनंतर स्वतःची एक फाइल केली होती, त्यांना घरी ऐकवण्यासाठी. फरहाबादच्या फायलीत ती म्हणते, "आजोबा, ते दोन चेंचू मला दिसले नाहीत. पण एक आजी धनुष्य विकत होती, खेळण्यातलं." धरणाच्या फायलीत, "आजोबा, तुमचं धरण पूर्ण झालं." चौथ्या फायलीत दोन मिनिटं काहीच नाही, नुसता वारा, रातकिडे आणि लांबून एका ट्रकचा हॉर्न.

बाबांनी ती सगळ्यात आधी ऐकली, कानाला टॅब लावून, आणि मग पुन्हा लावायला सांगितली.